प्रबोधच्या गाडीतला दोष

"पॉवर-टू-वेट," प्रबोध केळशीकर म्हणाला आणि त्याने पोह्यांची बशी डायनिंग टेबलाच्या मधोमध सरकवली. "हे समज गाडीचं वजन. आणि हे इंजिन." बशीत त्याने लिंबाची फोड ठेवली. "आता वजन तेवढंच ठेवायचं आणि इंजिन मोठं करायचं. काय होईल?"

"पोहे आंबट होतील," त्याची बायको सुचित्रा म्हणाली.

अनुया फोनमधून मान वर न करता हसली. ती पंधरा वर्षांची होती, सिंगापुरातच जन्मलेली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. "बाबा, युवर कार ऑलरेडी सो नॉइझी," ती म्हणाली. "मोर नॉइझी फॉर व्हॉट, लाह?"

प्रबोधने बशी परत ओढून घेतली आणि लिंबू पिळून मुकाट्याने पोहे खाल्ले. आपण काय म्हणतोय ते या घरात कुणालाही कळत नाही, हे त्याला नवीन नव्हतं.

खरं तर प्रबोधला आणि वेगवान गाडीला एका वाक्यात बसवणं कुणालाच जमलं नसतं. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेच्या रिस्क विभागात तो बरीच वर्षं होता आणि नाही म्हणणं हेच त्याचं काम होतं. माणसं मोठ्या उत्साहाने नवी योजना घेऊन यायची. प्रबोध ती शांतपणे वाचायचा आणि तिच्यात काय काय बिघडू शकतं ते एकेक करून सांगायचा. माणसं आल्या पावली परत जायची. घरीसुद्धा बाहेर पडताना तो गॅस दोनदा तपासायचा. एमआरटी मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर कठडा धरून उभा राहायचा. आकाश निरभ्र असलं तर छत्री एक, ढगाळ असलं तर दोन.

अशा माणसाला आयुष्यात एकच वेड लागलं होतं, आणि ते मलेशियाला जोडणाऱ्या कॉजवे पुलाच्या पलीकडे जोहोरमध्ये गोह अंकलच्या गॅरेजमध्ये उभं होतं. जुनी, चिमुकली, दोन दारांची जपानी गाडी. तिच्यातून मागचं सीट, एसी, रेडिओ, गालिचा, दारांची अस्तरं, जे जे म्हणून काढता येण्यासारखं होतं ते सगळं काढून टाकलेलं होतं. नुसत्या पत्र्याचा डबा, त्याला चार चाकं आणि आत एक माणूस. सिंगापुरात मुळात गाडी बाळगणं हीच चैन, त्यात गाडीत असले उद्योग करायचे म्हणजे परवानग्या मागण्यातच म्हातारपण यायचं. म्हणून तिथले हौशी लोक आपल्या ट्रॅकच्या गाड्या मलेशियात ठेवतात आणि शनिवारी जाऊन तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर फिरवून येतात. प्रबोधही दर पंधरवड्याला जायचा. बरोबर विक्रांत असायचा.

विक्रांत चांगी बिझनेस पार्कमधल्या एका आयटी कंपनीत मॅनेजर होता, मूळचा पुण्याचा. स्वतःची गाडी त्याच्याकडे नव्हती, मतं मात्र भरपूर होती. ट्रॅकच्या कडेच्या भिंतीला टेकून तो उभा राहायचा आणि प्रबोध फेरी मारून आला की म्हणायचा, "तिसऱ्या वळणाला ब्रेक कशाला मारलास? मी असतो तर पायच उचलला नसता."

"तू चालवून बघ," प्रबोध म्हणायचा.

"बघू की एकदा," विक्रांत म्हणायचा, आणि चहा आणायला जायचा.

हे सगळं अगदी सुखाने चाललं होतं. वळणावर प्रबोधची हलकी गाडी सुरेख वळायची. सरळ रस्त्यावर मात्र तिचा जीव कमी पडायचा, पण प्रबोधला त्याचं काही वाटत नसे. त्या लांबलचक सरळ पट्ट्यावर त्याला आठवड्याचा विचार करायला निवांत वेळ मिळायचा. लिटिल इंडियातून आणायच्या सामानाचीही तिथे उजळणी व्हायची.

गेल्या शनिवारी त्याच पट्ट्यावर त्याला एका सात माणसांच्या फॅमिली गाडीने मागे टाकलं. ट्रॅकवर आपली रोजची गाडी घेऊन येणारेही असतात, त्यांतलाच एक. मागच्या काचेवर 'आत बाळ आहे' असा पिवळा स्टिकर होता. शेजारून जाताना त्या गृहस्थाने हसून हात केला.

"तुला कुणाशी जिंकायचंय का?" पोह्यांनंतर चहा ओतता ओतता सुचित्राने विचारलं.

"जिंकण्याचा प्रश्नच नाही."

"मग?"

"त्या माणसाने हात केला, सुचित्रा."

"चांगला माणूस दिसतोय," सुचित्रा म्हणाली. ती हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत ऑडिट बघायची. माणूस एक सांगतो आणि त्याच्या मनात दुसरंच असतं, हे ओळखण्याचा तिला पगार मिळत होता. "कर बाबा काय करायचं ते. आणि लिंबू अजून हवंय का?"

गोह अंकल साठीचे, गोल चेहऱ्याचे आणि कमालीचे आशावादी होते. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. प्रबोधने भीत भीत विषय काढला, तेव्हा ते हातातली कॉफी तशीच ठेवून त्याला गॅरेजच्या मागे घेऊन गेले. तिथे जपानहून अर्ध्या कापून आणलेल्या गाड्या ओळीने मांडलेल्या होत्या. पुढचा भाग जसाच्या तसा, दिवे, बॉनेट, इंजिन सगळं जागच्या जागी, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे गाडी संपलेली.

"हे घ्या बॉस," एका निळ्या अर्ध्या गाडीवर थाप मारून ते म्हणाले. "तुमच्यापेक्षा दुप्पट ताकद. टर्बो."

"आपल्या गाडीत बसेल?"

"बसवू."

"जड नाही होणार?"

"थोडं."

"रिस्क काय काय आहे यात?" प्रबोधने सवयीने विचारलं.

गोह अंकलनी मनापासून विचार केला. "तुम्हाला फार आवडेल," ते म्हणाले.

जुनं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं, तेव्हा प्रबोध आणि विक्रांत दोघंही हजर होते. इंजिनाची जागा रिकामी झाली. दाढ काढल्यावर जीभ सारखी तिथेच जाते, तशी प्रबोधची नजर सारखी तिथेच जात होती. नवीन इंजिन आत उतरलं खरं, पण कुठे पत्रा ठोकावा लागला, कुठे नवीन आधार जोडावे लागले. रेडिएटर मोठा घ्यावा लागला, तो बसावा म्हणून पुढचा बंपर थोडा कापावा लागला. शेवटी बॉनेट लागेना, तेव्हा गोह अंकलनी बॉनेटलाच भोक पाडलं आणि त्यातून इंजिनाचं डोकं बाहेर काढलं. एखाद्या लहान मुलाने वडिलांचा कोट घालावा तशी ती गाडी दिसायला लागली.

"भारी," विक्रांत म्हणाला. "आता बघ म्हणावं त्या बाळाच्या बापाला."

नव्या इंजिनासह पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला त्या दिवशी प्रबोध सकाळपासून गुणगुणत होता. हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. पहिली दोन वळणं त्याने जपून घेतली, आणि सरळ पट्टा समोर आल्यावर पाय दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बॉनेटमधून एक शिट्टी ऐकू आली, पाठीमागून कुणीतरी जोरात लाथ घातल्यासारखं झालं, आणि गाडी निघून गेली. प्रबोध तिच्या आतच होता, पण तिच्याबरोबर गेला असं त्याला वाटलं नाही. ज्या पट्ट्यावर एरवी तूरडाळीपासून हिंगापर्यंत सगळी यादी व्हायची, तिथे या वेळी 'तू' म्हणेपर्यंत समोर वळण उभं होतं. प्रबोधने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. नंतरची अख्खी फेरी त्याने शाळेसमोरून जावं तशी पार पाडली आणि तो पिटमध्ये, गाड्या थांबायच्या जागी, परत आला.

विक्रांत आणि गोह अंकल धावत आले. "कशी आहे?" दोघांनी एकदमच विचारलं.

प्रबोधने हेल्मेट काढलं. तो सीटवर बसूनच राहिला. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं, आणि ते फार लहान होतं. पण समोर दोन उत्सुक चेहरे होते. त्या सात सीटच्या गाडीला मागे टाकायचं हे त्याने स्वतःच मनात ठरवलं होतं. आणि बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये या इंजिनाबद्दल तो इतकं बोलला होता, की तिथला डोसेवालाही इंजिनाची ख्यालीखुशाली विचारत होता.

"इंजिन उत्तम आहे," तो म्हणाला. "ब्रेक... ब्रेक जरा कमी पडतायत."

"मला वाटलंच," विक्रांत म्हणाला.

"मोठे बसवू," गोह अंकल म्हणाले.

इथून पुढे जे झालं त्यात कुणाचाच दोष काढता येणार नाही. पंधरा दिवसांनी गाडीला मोठे ब्रेक लागले. ते इतके जबरदस्त होते, की नुसता पाय टेकवला तरी गाडी जमिनीत रुतल्यासारखी थांबायची. ब्रेकची सबब संपली. प्रबोध पुन्हा शाळेसमोरच्या वेगाने फिरून आला आणि म्हणाला, "टायर पकड घेत नाहीयेत." रुंद टायर आले. मग गाडी रस्त्याला डिंक लावल्यासारखी चिकटून धावायला लागली, आणि प्रबोधला सीटमध्ये काहीतरी खुपू लागलं. सीट बदललं. मग स्टिअरिंग जरा उशिरा बोलतंय असं वाटलं. तेही बदललं. दर वेळी प्रबोध मनाशी ठरवून जायचा, की आज सांगून टाकायचं, अंकल, मला या गाडीची भीती वाटते. आणि दर वेळी अंकल इतक्या आस्थेने कान पुढे करून उभे राहायचे, की त्यांना बदलायला काहीतरी न देणं निष्ठुरपणाचं वाटायचं.

गाडी दिवसेंदिवस अधिकाधिक चांगली होत गेली, आणि ती जितकी चांगली झाली तितकी प्रबोधच्या छातीत धडधड वाढली. आता तिच्यात हळू जाण्याला कुठलंच कारण उरलं नव्हतं.

दुसरीकडे एक विचित्र गोष्ट घडत होती. पिटमधली इतर मंडळी प्रबोधकडे आदराने बघायला लागली होती. आपल्या गाडीत काही बिघाड आहे हे बहुतेकांना धूर निघाल्यावर कळायचं. हा सिंगापूरचा भारतीय बँकवाला मात्र एक संथ फेरी मारतो, डोळे मिटून बसतो आणि सांगतो, स्टिअरिंग उशिरा बोलतंय. जोहोरचा एक डेंटिस्ट होता. त्याच्याकडे लाल रंगाची भलीमोठी गाडी होती. तो तर प्रबोध आला की आपली गाडी थांबवून ऐकायला यायचा.

"तो मुद्दाम हळू चालवतो," डेंटिस्टने एकदा कुणालातरी सांगितलेलं विक्रांतने ऐकलं. "वेगात बारीकसारीक गोष्टी कळत नाहीत."

विक्रांतने ते प्रबोधला सांगितलं. प्रबोधने मान डोलावली आणि तो पाणी प्यायला.

घरी मात्र सुचित्राने काही गोष्टी टिपल्या होत्या. पूर्वी शनिवारी सकाळी गुणगुणणारा नवरा आता शुक्रवारपासूनच फोनवर हवामान बघत होता, आणि वादळाचा अंदाज दिसला की त्याचा चेहरा खुलत होता. एकदा तर खिडकीत उभा राहून, "चांगले काळे ढग आहेत नाही?" असं तो इतक्या प्रेमाने म्हणाला, की तिला काळजी वाटली.

"या शनिवारी मी पण येते," ती म्हणाली.

"तू? उन्हात काय करशील? पेट्रोलचा वास असतो."

"तुझं इंजिन बघते. इतकं ऐकलंय त्याच्याबद्दल."

"आय पास," अनुया म्हणाली. "टेक व्हिडिओ, आई."

त्या शनिवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. मागच्या खेपेला प्रबोधने सस्पेन्शनबद्दल तक्रार केली होती, त्यामुळे गोह अंकलनी चारही चाकांचे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवेकोरे बसवून गाडी तयार ठेवली होती. सुचित्रासाठी त्यांनी सावलीत खुर्ची मांडली, उसाचा रस मागवला आणि तिच्या नवऱ्याची तोंडभरून स्तुती केली. "असा माणूस मी पाहिला नाही, मॅडम. गाडी त्याच्याशी बोलते."

"घरी आमच्याशी नाही बोलत," सुचित्रा म्हणाली.

प्रबोध ट्रॅकवर गेला. सुचित्रा भिंतीशी जाऊन उभी राहिली. सरळ पट्ट्यावर ती शिट्टी वाजवणारी गाडी शिस्तीत, डाव्या बाजूने, जवळजवळ संकोचाने गेली. तिच्या मागून डेंटिस्टची लाल गाडी आली, आणि ओलांडताना तिने आदराने वेग कमी केल्यासारखं केलं.

"हा नेहमी असाच चालवतो?" सुचित्राने विचारलं.

"तो ऐकतोय, वहिनी," विक्रांत म्हणाला. "मी असतो तर चौथ्या गिअरमध्ये..."

"हो का," सुचित्रा म्हणाली.

प्रबोध परत आला. हेल्मेट काढलं. भोवती माणसं जमली, गोह अंकल सगळ्यांत पुढे. प्रबोधने मनातल्या मनात गाडी पुढून मागे तपासली. ब्रेक झाले, टायर झाले, सीट, स्टिअरिंग, स्प्रिंग. आता गाडीत त्याची स्वतःची अशी एकही जुनी वस्तू राहिली नव्हती. लोक वाट बघत होते. सुचित्रा उसाचा रस हातात घेऊन वाट बघत होती, आणि तिच्याकडे बघणं तो टाळत होता.

"मागे," तो शेवटी म्हणाला. "डावीकडे. काहीतरी... बोलतंय."

"डावीकडे," डेंटिस्ट पुटपुटला आणि शेजाऱ्याकडे बघून त्याने मान हलवली.

"विक्रांत," सुचित्रा गोड आवाजात म्हणाली, "तू बघ ना एकदा चालवून. दोघांना जाणवलं म्हणजे नक्की."

प्रबोधला पुढचं सगळं दिसायला लागलं. विक्रांत भरधाव एक फेरी मारून येणार आणि सगळ्यांसमोर सांगणार, की गाडी लोण्यासारखी चालतेय, हळू चालतो तो फक्त प्रबोध. विक्रांतचा चेहराही बघण्यासारखा झाला होता. "माझं हेल्मेट नाही," तो म्हणाला. डेंटिस्टने तत्परतेने आपलं दिलं. "बूट बरोबर नाहीत." कुणीतरी त्याच्या बुटांकडे बघून चालतील म्हणालं. विक्रांत गाडीत बसला, गोह अंकलनी त्याचे पट्टे आवळले, आणि शिट्टीचा आवाज दूर गेला.

प्रबोध सुचित्राच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग सरळ पट्ट्याच्या टोकाशी गाडी दिसली. शिट्टी मोठी झाली, गाडीने एक झेप घेतली, आणि लगेच, जवळजवळ मध्यावरच, तिचे ब्रेकचे दिवे लागले. ते बराच वेळ लागलेलेच राहिले. उरलेल्या पट्ट्यावरून विक्रांत अगदी सावकाश, जणू पत्ता शोधत निघाल्यासारखा गेला.

पिटमध्ये येऊन तो बाहेर पडला तेव्हा कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. त्याने प्रबोधकडे पाहिलं. प्रबोधने त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे तुझं," विक्रांत म्हणाला. "मागे. डावीकडे."

प्रबोधला एकदम भरून आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याबरोबर त्या गाडीत होतं. "जाणवतं ना तुलापण?" त्याने विचारलं.

"जाणवतं म्हणजे काय. स्पष्टच आहे."

"कसं सांगणार ते."

"शब्दात नाही सांगता येत," विक्रांत म्हणाला, आणि दोघंही मागच्या डाव्या चाकाकडे मोठ्या जिव्हाळ्याने बघत राहिले. सुचित्राने उसाच्या रसाचा पेला तोंडाला लावला, कारण हसू दाबायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दोन माणसांना जाणवलं म्हटल्यावर गोह अंकल थांबणार नव्हते. त्यांनी गाडी मागून जॅकने उचलली, डावं चाक काढलं आणि बॅटरी घेऊन ते आत वाकले. बराच वेळ फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग ती पाठ अगदी स्तब्ध झाली.

ते बाहेर आले तेव्हा त्यांचा गोल चेहरा पांढरा पडला होता. चिमटीत एक बोल्ट होता. पाना लावावा लागला नव्हता, तो त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढला होता. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा तो बोल्ट. नवीन स्प्रिंग बसवताना तो घट्ट करायचा राहून गेला होता.

"एक जोराची फेरी," गोह अंकल म्हणाले आणि वाक्य पूर्ण न करता त्यांनी फक्त चाकाकडे आणि मग ट्रॅककडे पाहिलं.

लाल गाडीच्या डेंटिस्टने डोक्यावरची टोपी काढली. विक्रांत जवळच्या टायरवर जाऊन बसला. प्रबोधने सुचित्राकडे पाहिलं. तिचं हसू कधीच गेलं होतं आणि तिने पेला खाली ठेवला होता.

"बॉस," गोह अंकल म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "चूक माझी. पस्तीस वर्षांत असं झालं नाही. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर..."

"नाही हो अंकल," प्रबोध कळवळून म्हणाला. "तुम्ही असं बोलू नका. मला खरं तर काहीही जाणवलं नव्हतं. मी उगाच बोललो. मी घाबरलो होतो, बस."

गोह अंकलनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "मोठा माणूस," ते भोवतालच्या लोकांकडे वळून म्हणाले. "माझी लाज राखायला असं म्हणतोय." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी परतीच्या कॉजवेवर नेहमीसारखी गर्दी होती. विक्रांतची भाड्याने घेतलेली गाडी गोगलगायीच्या चालीने सिंगापूरकडे सरकत होती. विक्रांत पुढे स्टिअरिंग धरून बसला होता. एरवी या रांगेत तो लेन बदलून बदलून सगळ्यांना हैराण करायचा. आज पुढच्या बसच्या मागे निमूटपणे उभा होता. मागच्या सीटवर प्रबोध आणि सुचित्रा.

"एक सांगू?" प्रबोध हळू आवाजात म्हणाला. "स्प्रिंगमध्येही काही बिघाड नव्हता. म्हणजे मागच्या वेळी. मी आपलं सांगायचं म्हणून सांगितलं."

"माहितीये मला."

"सगळंच तसं. ब्रेक, टायर, सीट."

"सीटचं माहिती नव्हतं," सुचित्रा म्हणाली. खिडकीतून ती पाण्याकडे बघत होती. ऑडिटला बसल्यावर कागद समोर मांडावेत तशी तिने एकेक गोष्ट मांडायला सुरुवात केली. "म्हणजे तू घाबरलास म्हणून खोटं बोललास. खोटं बोललास म्हणून त्यांनी चांगले स्प्रिंग काढून नवे बसवले. नवे बसवले म्हणून बोल्ट ढिला राहिला. आणि घाबरलेलाच होतास म्हणून हळू चालवलंस, आणि आत्ता माझ्या शेजारी बसलायस."

"हो," प्रबोध म्हणाला. "असंच."

"मग यात मी तुला नक्की कुठे रागवायचं?"

प्रबोधने प्रामाणिकपणे विचार केला. बँकेत असं प्रकरण समोर आलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. सुचित्राने त्याचा हात हातात घेतला आणि तो इमिग्रेशनपर्यंत सोडला नाही.

"मला पण वाटली होती रे भीती," पुढून विक्रांतचा आवाज आला. "त्या शिट्टीची."

"दिसलं होतं आम्हाला," सुचित्रा म्हणाली. "ब्रेकच्या दिव्यांत."

पासपोर्टच्या खिडकीपाशी पोचायच्या आत प्रबोधचा फोन वाजला. जोहोरच्या डेंटिस्टचा मेसेज होता. प्रबोधने चष्मा काढून ठेवला होता, म्हणून सुचित्राने वाचला. पुढच्या शनिवारी मिस्टर केळशीकर यांनी कृपा करून आपली लाल गाडी एकदा चालवून बघावी, काहीतरी चुकतंय असं वाटतं पण काय ते कळत नाही. आणखी दोघा मित्रांचीही तीच विनंती होती. वेळ लागला तरी चालेल, सावकाश चालवावी.

"काय लिहू?" सुचित्राने विचारलं.

प्रबोधने पाय जरा लांब केले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला शनिवारची धास्ती वाटत नव्हती.

"विचार त्याला, इंजिन केवढं आहे."

"आणि मोठं असलं तर?"

"तर सांग," प्रबोध म्हणाला, "की न चालवताच सांगतो, काहीतरी ढिलं आहे."